पाळी अनियमित आणि बाळ हवंय: कुठून सुरुवात करायची

पाळी कधी ४० दिवसांनी येते कधी ६५ दिवसांनी, लग्नाला दोन-तीन वर्षं झालीत, आणि आता बाळ हवंय पण नेमकं कोणाकडे जायचं, काय विचारायचं काहीच कळत नाहीये, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी इंदूरची, माहेर रामबागेत, सासर सुदामा नगरला. मी डॉक्टर नाही, पण ह्या सगळ्यातून स्वतः गेलेय, आणि मला त्या वेळी कोणी नीट बसवून समजावून सांगितलं असतं तर माझं निदान एक वर्ष वाचलं असतं असं मला मनापासून वाटतं.

आधी माझं काय चुकलं ते सांगते कारण हीच गोष्ट अजून खूप जणींच्या बाबतीत होते. मी एका डॉक्टरकडे गेले, म्हटलं पाळी वेळेवर येत नाही, त्यांनी २१ गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं, सहा महिने घ्या म्हणाल्या. पाळी एकदम घड्याळासारखी २८ दिवसांनी यायला लागली. घरी सगळे खूश, मी पण खूश. आणि त्या सहा महिन्यांत मी दर महिन्याला मेडिकलवरून कार्ड टेस्ट आणायचे आणि बाथरूममध्ये बसून एकच रेघ बघून रडायचे. नंतर दुसऱ्या मॅडमकडे गेले, त्यांनी रिकामं पाकीट हातात घेतलं, उलटं करून नाव वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, ये तो गर्भनिरोधक गोली है." बाळ हवंय हे मी पहिल्या डॉक्टरांना स्पष्ट बोललेच नव्हते, लाजेने, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. त्या गोळ्या वाईट नसतात, पीसीओडीत (म्हणजेच पीसीओएस, हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न फुटण्याचा त्रास) पाळी लावायला, पिंपल्सना वगैरे त्या बरोबरच देतात, पण त्या चालू असताना अंडं तयार होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे: पाळी येणं वेगळं आणि अंडं फुटणं, म्हणजे अंडाशयातून अंडं बाहेर सुटणं, वेगळं. बाळासाठी अंडं फुटायला लागतं. गोळीने आलेली पाळी म्हणजे अंडं फुटलं असं नाही. आणि उलट, पाळी ४५ दिवसांनी येत असेल तरी कधीकधी अंडं फुटत असतं, फक्त उशिरा. डॉक्टरकडे गेलात की "मेरी डेट रेग्युलर कर दीजिए" असं म्हणू नका, "आम्हाला बाळ हवंय, माझं अंडं फुटतंय का ते बघायचंय" असं म्हणा, हिंदीत म्हणा, मराठीत म्हणा, पण हेच म्हणा.

शरीरात होतं काय, थोडक्यात

पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत एक सायकल. मोठ्या बाईची २१ ते ३५ दिवसांची सायकल साधारण नॉर्मल धरतात, दोन-चार दिवस इकडेतिकडे सगळ्यांचंच होतं. अंडं फुटल्यानंतर साधारण १२ ते १४ दिवसांनी पाळी येते, हा मागचा भाग बहुतेकींमध्ये फारसा बदलत नाही, बदलतो तो पुढचा भाग, अंडं तयार व्हायला लागणारा वेळ. म्हणजे ज्यांची सायकल ४५ दिवसांची आहे त्यांचं अंडं फुटलंच तर साधारण ३१-३२व्या दिवशी फुटतं, १४व्या दिवशी नाही. सगळ्या बायका ऐकीव माहितीवर १२, १३, १४ दिवस धरून बसतात आणि नंतर महिनाभर काहीच नाही. सुटलेलं अंडं जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, त्यामुळे अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच काय ते कामाचे. तारीख माहीत नसेल तर सोपा उपाय, दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवा आणि तारखांच्या मागे लागून एकमेकांना त्रास देऊ नका. वंगण म्हणून क्रीम, तेल, थुंकी वापरू नका, शुक्राणूंना त्रास होतो.

वही आणि लाल पेन

डॉक्टरकडे जायच्या आधी हे काम. मागच्या सहा ते बारा महिन्यांच्या तारखा एका पानावर लिहा. माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं, मग मी स्वयंपाकघरातलं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं, तिथे आईच्या सवयीने मी लाल पेनने गोल केले होते पण अर्धेच, बाकीचे आठवून आठवून भरले, गणपतीत बाजूला बसले होते, दिवाळीच्या फराळाच्या वेळी आली होती, चुलत नणंदेच्या हळदीच्या दिवशी गोळी खाऊन लांबवली होती. अशी आठवण जुळवली की बरंच निघतं.

पहिला दिवस कुठला धरायचा ह्यात सगळ्यांचा घोळ होतो. नुसता तपकिरी डाग दिसला तो पहिला दिवस नाही, पॅड लागेल असं लाल रक्त नीट सुरू झालं तो पहिला दिवस. पुढच्या सगळ्या टेस्ट आणि गोळ्या ह्याच दिवसावरून मोजतात म्हणून जपून लिहा. तारखेबरोबर किती दिवस चालली, गाठी पडल्या का, दुखणं किती, आणि ती पाळी आपोआप आली की गोळीने आली, हे पण लिहा. गोळीने आली असेल तर पुढे "गो" असं लिहून ठेवा, त्या एका अक्षराने माझ्या मॅडमना सगळं समजलं, कारण वर्षभरातल्या नऊ पाळ्यांपैकी आपोआप आलेल्या फक्त तीन निघाल्या.

ॲपवर भरवसा ठेवू नका, तारखा नोंदवायला ठीक आहे पण ते जे हिरवे दिवस दाखवतं ते सरासरी काढून, आणि आपली सरासरीच नसते. ओव्ह्युलेशन किटचं (अंडं फुटायचा दिवस घरी बघायच्या पट्ट्या) पण तसंच, ते लघवीतलं एलएच हार्मोन बघतं आणि पीसीओएसमध्ये ते बऱ्याच जणींचं आधीच वाढलेलं असतं, म्हणून रोजच पॉझिटिव्ह आल्यासारखं दिसतं. मी दोन पाकिटं वाया घालवली. त्यापेक्षा स्रावाकडे लक्ष द्या, कोंबडीच्या कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, बोटांत ताणला तर तार येईल असा चिकट पारदर्शक स्राव दिसला तर दिवस जवळ आलेत.

किती थांबायचं

लोक म्हणतात एक वर्ष प्रयत्न करा मग जा. ते ज्यांची पाळी नियमित आहे आणि वय ३५च्या आत आहे त्यांच्यासाठी. ३५ पूर्ण झाली असतील तर सहा महिने, आणि चाळिशी आली असेल तर ठरवलं त्याच महिन्यात. आणि पाळीच अनियमित असेल, म्हणजे ३५ दिवसांपेक्षा लांब किंवा २१पेक्षा जवळ, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा, तर वर्षभर थांबायचं काही कारणच नाही, बाळाचं ठरवलं की लगेच जा. तीन महिने पाळी आलीच नाही तर बाळ नको असलं तरी जा, कारण पाळी फार लांबत राहिली तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि ते वर्षानुवर्षं तसंच सोडणं चांगलं नाही.

पण पाळी लांबली की सगळ्यात आधी सकाळच्या लघवीवर कार्ड टेस्ट करा, अनियमित असली तरी. पाळी आणायची गोळी घ्यायच्या आधी तर हमखास.

आणि एक गोळी आजपासूनच सुरू करता येते, फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या निदान एक महिना आधीपासून ते पहिले तीन महिने, त्याने बाळाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे काही जन्मजात दोष टळतात. शुगर असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा वजन बरंच जास्त असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅमची देतात, ते त्यांना विचारून.

कोणाकडे जायचं

आधी साध्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरला जायची गरज बहुतेकींना नसते. एबी रोडवर, विजय नगरला चालत गेलं तरी होर्डिंगवर गोंडस बाळांचे फोटो दिसतात आणि घाबरलेल्या मनाला वाटतं तिथेच जावं, पण ज्यांचा प्रॉब्लेम अंडं न फुटण्याचा आहे त्यांच्यातल्या खूप जणींचं काम गोळ्यांवर होतं. घरच्या ओळखीच्या, जिथे बोलायला धीर होईल अशा मॅडम बघा. खर्च झेपत नसेल तर सरकारीत जायला अजिबात कमीपणा मानू नका, एमवाय हॉस्पिटल आहे, बायकांसाठी महाराजा तुकोजीराव हॉस्पिटल म्हणजे आपलं एमटीएच आहे, दोन्ही मेडिकल कॉलेजशी जोडलेली. गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा, पाण्याची बाटली आणि डबा बरोबर ठेवायचा, आणि शक्य असेल तर कोणाला तरी सोबत न्यायचं म्हणजे एक जण लाइनीत राहतं.

पुढे कधी आयव्हीएफची वेळ आलीच तर सेंटरचं २०२१च्या एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा) रजिस्ट्रेशन आहे का ते विचारा, सर्टिफिकेट दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. ह्या कायद्यात बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असं ठरवून दिलंय. आणि "मुलगाच होईल" असं सांगून पुड्या-औषधं देणारं कोणी भेटलं, नात्यातलं असलं तरी, त्या दारातूनच परत फिरा.

पहिल्या भेटीला वही, जुने रिपोर्ट, जुने पर्चे, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथीसकट. आपण बोलताना गडबडतो म्हणून प्रश्न पण लिहून न्या. त्या विचारतील ते खरं सांगा: आधी कधी दिवस राहिले होते का, गर्भपात झाला का, लग्नाआधीचं काही असेल तर ते पण, घरात कोणाला टीबी झाला होता का (गर्भाशयाचा टीबी आपल्याकडे होतो आणि तो गुपचूप नळ्या, म्हणजे अंडं गर्भाशयात आणणाऱ्या गर्भनलिका, खराब करतो), चेहऱ्यावर केस, केस गळणं, अचानक वजन, छातीतून दुधासारखं पाणी येणं. सासूबाई सोबत असतील आणि त्यांच्यासमोर बोलता येत नसेल तर मॅडमना सांगा मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय. मी तसं सांगितलं होतं, त्या लगेच म्हणाल्या, आंटीजी आप बाहर बैठिये, काही वाईट वाटलं नाही कोणाला.

टेस्ट

यादी बघून घाबरायला होतं पण प्रत्येकीचं काम वेगळं आहे आणि वेळ चुकली तर पैसे फुकट जातात.

टीएसएच म्हणजे थायरॉइड, आणि प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन, ह्या दोन सगळ्यात आधी, कारण हे बिघडलं असेल तर नुसत्या गोळीने पाळी जागेवर येते. प्रोलॅक्टिन सकाळी, पंधरा-वीस मिनिटं शांत बसून मग द्या, धावपळ करून दिलं तर खोटंच वाढलेलं येतं. आणि हे मला खूप उशिरा कळलं, ॲसिडिटीच्या ज्या कॅप्सूल आपण कोणालाही न विचारता मेडिकलवरून आणतो त्यातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये डॉमपेरिडोन असतं, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. तसंच केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा आणि डॉक्टरना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. पीसीओडीवाल्या आपण निम्म्याजणी केस गळतात म्हणून बायोटिन खात असतो आणि हे कोणी विचारतच नाही.

एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल ही अंडं वाढण्याशी संबंधित हार्मोन, ती पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. एएमएच कधीही चालतं, त्यावरून अंड्यांचा साठा अंदाजे कळतो, पीसीओएसमध्ये ते जास्त येतं. कमी आलं म्हणून बाळ होणारच नाही असा अर्थ नाही, कोणी तसं सांगून त्याच दिवशी पॅकेज गळ्यात मारत असेल तर घरी या आणि दुसरं मत घ्या. शुगर, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), हिमोग्लोबिन हे पण करतात. आणि दोघांपैकी एकाची तरी थॅलेसेमिया, सिकल सेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी दिवस राहायच्या आधी करून टाका, आपल्या मध्य प्रदेशात दोन्ही आहेत, दोघंही वाहक निघाले तर आधी कळलेलं बरं.

प्रोजेस्टेरॉनची टेस्ट म्हणजे अंडं फुटलं का ते बघायची. तिला सगळीकडे "डे २१" म्हणतात आणि इथेच आपली गंमत होते असं नाही, आपलं नुकसान होतं. २१वा दिवस हा २८ दिवसांच्या सायकलसाठी आहे. खरं म्हणजे ती पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. ३५ दिवसांची सायकल असेल तर २८व्या दिवशी. मी ४२ दिवसांच्या सायकलमध्ये २१व्या दिवशी दिली, रिपोर्ट आला अंडं फुटलंच नाही, आणि फुटायची वेळच आली नव्हती.

सोनोग्राफी दोन प्रकारची असते. पोटावरून करायची तर लघवी भरलेली लागते, आतून करायची तर रिकामी. मी गीता भवनजवळ एका ठिकाणी दीड लिटर पाणी पिऊन सव्वा तास पाय आवळून बसले आणि आत गेल्यावर सिस्टर म्हणाली आतूनची आहे, बाथरूमला जाऊन या. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा कुठली आहे. आतूनच्या सोनोग्राफीला घाबरू नका, पातळ प्रोब असतो, कव्हर लावतात, दोन-पाच मिनिटांचं काम, थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखलं तर थांबा म्हणा. लेडी डॉक्टर हवी असेल तर तेही आधीच सांगा.

रिपोर्टमध्ये "पॉलिसिस्टिक ओव्हरीज" लिहून आलं म्हणजे गाठी झाल्या असं नाही, ती अर्धवट वाढलेली छोटी छोटी अंड्यांची घरं असतात, ऑपरेशनने काढायच्या नसतात. पीसीओएस म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळी अनियमित, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत तसं दिसणं किंवा एएमएच वाढलेलं. तेही थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे कारणं बाजूला काढून. चाळिशीच्या आत चार-चार महिने पाळी येत नाही आणि एफएसएच वाढलेलं आलं तर मात्र ते वेगळं प्रकरण, परत टेस्ट करून लवकर तज्ज्ञाकडे जा, तिथे वेळ घालवू नका.

नवऱ्याची टेस्ट, पहिल्याच महिन्यात

ह्याच्यासाठी मी हात जोडून सांगते. बायको चार महिने सुया टोचून घेते आणि नवऱ्याची सगळ्यात सोपी टेस्ट राहून जाते, कारण पाळी हिची अनियमित मग दोष हिचाच असं आधीच ठरलेलं असतं. पुरुषाच्या बाजूचं कारण जवळपास निम्म्या जोडप्यांत थोडंफार तरी असतंच, आणि दोघांचं एकदम असू शकतं.

दोन ते सात दिवस संबंध न ठेवता सॅम्पल द्यायचं, लॅबमध्येच दिलं तर उत्तम. आमच्या ह्यांना तिथल्या त्या छोट्या खोलीत जमेना, खूप ओशाळले, मग लॅबवाल्यांनी सांगितलं घरून आणा पण तासाच्या आत आणि अंगाच्या उबेत. मग लॅबचीच डबी आणली, सकाळी घेतलं, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि ॲक्टिव्हावर मागे मी बसले, महूनाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ह्यांचा एक हात छातीवरच होता. पोचलो ३५ मिनिटांत. साध्या कंडोममध्ये घेऊ नका, त्यातल्या लेपाने शुक्राणू मरतात.

आकडे बघायचे तर डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटना) २०२१च्या पुस्तकाप्रमाणे खालची मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी, हालचाल ४२ टक्के, आकार नीट असलेले ४ टक्के. हो, चारच टक्के, ९६ टक्के वाकडे लिहून आलं म्हणून रडू नका. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी परत करतात, कारण मधे ताप येऊन गेला असेल तरी कमी येतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात म्हणून आज गुटखा-सिगरेट सोडली तर फरक तीन महिन्यांनी. जिमवाले भाऊ जी ताकदीची इंजेक्शनं देतात, टेस्टोस्टेरॉनची, त्याने शुक्राणू बनणं चक्क बंद होऊ शकतं, हे नवऱ्याला नक्की विचारा.

औषधं आणि फॉलिक्युलर स्टडी

कारण थायरॉइडचं निघालं तर थायरॉइडची गोळी, सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, लोह-कॅल्शियम चार तासांनी. प्रोलॅक्टिन असेल तर त्याची गोळी. पीसीओएस निघालं आणि अंडं फुटत नसेल तर साधारण असं होतं: कार्ड टेस्ट निगेटिव्ह बघून प्रोजेस्टेरॉनच्या गोळीने पाळी आणतात, मग दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोल, म्हणजे अंडं वाढवायची गोळी, सुरुवातीला २.५ मिलिग्रॅम, नाही जमलं तर पुढच्या वेळी वाढवून. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, पण बऱ्याच जणींना देतात, ती जेवणानंतर, हळूहळू वाढवत, सुरुवातीला पोट बिघडतं पण बहुतेकींचं दोन आठवड्यांत बसतं.

लेट्रोझोलबद्दल थांबून सांगते. मी पाकीट घरी आणलं, नाव मोबाइलवर टाकलं, आणि पहिलंच आलं "स्तनाच्या कॅन्सरचं औषध". हातपाय गार पडले, मी ती गोळी त्या रात्री घेतलीच नाही आणि कोणाला बोलले पण नाही. सकाळी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, औषध एकच, ते इस्ट्रोजन काही दिवस कमी करतं, कॅन्सरमध्ये त्याचा उपयोग वेगळा, इथे इस्ट्रोजन कमी झालं की मेंदू अंडाशयाला जोरात निरोप पाठवतो आणि अंडं वाढतं, आणि पाच दिवसांच्या गोळ्या अंडं फुटायच्या आतच अंगातून बऱ्यापैकी निघून जातात. पीसीओएसमध्ये आज पहिली गोळी हीच देतात. अमेरिकेत ७५० पीसीओएसवाल्या बायकांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला, पाच सायकलींपर्यंत बघितलं तर लेट्रोझोलवाल्यांत २७.५ टक्के जणींना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्के. म्हणजे काम करतं, पण पहिल्याच महिन्यात झालं नाही म्हणजे संपलं असंही नाही. मैत्रिणीच्या पर्च्यावरून स्वतः आणून घेऊ नका, जुळी राहू शकतात, डोस बघून द्यावा लागतो.

मग फॉलिक्युलर स्टडी, नवव्या ते बाराव्या दिवसापासून एक-दोन दिवसाआड आतूनची सोनोग्राफी, अंड्याचं घर (फॉलिकल) किती मिलिमीटर झालं बघायला. १८-२० च्या आसपास आलं की कधी ट्रिगर, म्हणजे अंडं फुटायचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण ३६ तासांनी फुटतं, त्या वेळी घरी संबंध ठेवायला सांगतात किंवा आययूआय करतात, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडतात. नोकरी करणारणींना हे दिवस जड जातात, ऑफिसात आधीच सांगता येत नसेल तर सकाळी पहिला नंबर मागून घ्या. आणि ट्रिगरनंतर लगेच कार्ड टेस्ट करू नका, कार्ड टेस्ट जे हार्मोन बघते तेच त्या इंजेक्शनमध्ये असतं, दहा-बारा दिवस खोटी दुसरी रेघ दिसू शकते. माझ्या एका मैत्रिणीने सातव्या दिवशी बघितली, आईला फोन केला, आणि मग पाळी आली, तो धक्का कोणालाच नको.

गोळ्यांऐवजी किंवा गोळ्यांबरोबर अंडी वाढवायची इंजेक्शनं चालू असतील आणि पोट फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली, दोन दिवसांत वजन किलो-दोन किलोने वाढलं तर रात्र असली तरी दवाखान्यात फोन करा.

अंडं तीन-चार-सहा सायकल नीट फुटतंय तरी दिवस राहत नाहीत तर नळ्या बघतात, त्याला एचएसजी म्हणतात, रक्त थांबल्यावर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात. पाळीसारखं जोरात दुखतं दहा मिनिटं, आधी कुठली गोळी घ्यायची ते विचारून ठेवा, नवऱ्याला घेऊन जा, गाडी स्वतः चालवत येऊ नका.

वजन, पोहे आणि उपास

वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींचं अंडं आपोआप फुटायला लागतं. म्हणजे ७२ किलोला साडेतीन ते सात किलो, अठरा-वीस नाही. आपल्या इंदूरात सकाळ पोहे-जलेबीने आणि रात्र सराफ्यातल्या खाऊच्या ठेल्यांवर, त्यामुळे अवघड आहे हे मला माहितीये. मी पोहे सोडले नाहीत, मुठभर पोह्यांत वाटीभर मोड आलेले मूग आणि शेंगदाणे घालायला लागले, शेव चिमूटभर, जलेबी रविवारी एक. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, आणि जेवण झाल्यावर मेघदूत बागेत अर्धा तास जोरात चालायचं, ह्यांना घेऊन. आठवड्याला दीडशे मिनिटं एवढं पुरतं. आणि ज्या बारीक आहेत त्यांचं उलट, सोळा सोमवार, नवरात्र, वर पुन्हा बाळासाठी नवस म्हणून अजून उपास, असं करून शरीराला पोटभर मिळालंच नाही तर मेंदू अंडं बनवणंच थांबवतो. त्यांनी उपास सोडावेत, देवाला समजतं.

घरचे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलं की वाण हातात ठेवता ठेवताच विचारतात, काही गोड बातमी? मी दोन वर्षं हसून "बघू" म्हणत होते आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायचे. नंतर ह्यांना सांगितलं की तुमच्या आईला तुम्ही सांगायचं, दोघांचे उपचार चालू आहेत, विचारू नका. त्यांनी सांगितलं, तेव्हापासून सासूबाई स्वतःच दुसऱ्यांना गप्प करायच्या. एखाद्या डोहाळजेवणाला जावंसं नाही वाटलं तर जाऊ नका. झोप लागत नसेल, रोज रडू येत असेल तर तेही डॉक्टरना सांगायचं दुखणंच आहे.

दोन रेघा आल्यावर

थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्याच आठवड्यात टीएसएच करा, दिवस राहिले की डोस बहुतेक वाढवावा लागतो. मेटफॉर्मिन, प्रोजेस्टेरॉन काहीही आपल्या मनाने बंद करू नका. एका बाजूला जोरात पोट दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली, रक्त गेलं तर थेट इमर्जन्सीला, गर्भ नळीत असू शकतो.

आणि हे नक्की लक्षात ठेवा कारण मी ह्यात चार दिवस मेल्यासारखी काढले. शेवटच्या पाळीवरून माझे आठ आठवडे होत होते. सोनोग्राफीवाल्यांनी तारीख विचारली, मोजलं, आणि म्हणाले, गर्भ साडेपाच आठवड्यांचाच दिसतोय, ठोके नाहीत, वाढ थांबली असेल. मी फाईल घेऊन तशीच मॅडमकडे गेले. त्यांनी माझी वही मागितली, लाल गोल बघितले आणि म्हणाल्या, हिचं अंडं पाळीच्या ३१व्या दिवशी फुटलंय, हे साडेपाच आठवडे बरोबरच आहेत, दहा-बारा दिवसांनी परत करा. तोपर्यंत कुठलीही गोळी घ्यायची नाही, सफाई करायची नाही. आपल्या पाळीवरून आठवडे मोजले की ते जास्तच निघतात, म्हणून सोनोग्राफीला गेलात की पाळीच्या तारखेच्या आधी अंडं कधी फुटलं ती तारीख सांगा, आणि बाळाची तारीख पहिल्या सोनोग्राफीवरूनच धरायला सांगा. बाराव्या दिवशी आम्ही परत गेलो, आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.